कोरडा द्रोण

पाणी पेटलं. तलावाच्या पाळीवर जमलेल्या दोन-अडीचशे माणसांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यात मीही होतो. आधी पाच बायकांनी आपापला द्रोण धुनीवर रिकामा केला होता. पाचही वेळा निखारे चुरचुरले आणि राखेचा ढग उठला, एवढंच. काढलेल्या सहा नावांतलं सहावं जमुनाबाईचं. केवलरामबाबाने तिच्या हातात द्रोण दिला, तिने तो पालथा केला आणि धुनीतून माणसाच्या उंचीचा भडका वर आला. तिच्या भुवया जळाल्या आणि ती मागे पडली. दिवेलागणीची वेळ होती, त्यामुळे तो उजेड पार पलीकडच्या काठापर्यंत पडला.

"देखा? देखा, गाववालो?" बाबा ओरडला. तो रायपूरकडचा होता म्हणे. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा आणि दोन्ही भाषांत सारखंच खोटं बोलायचा. "माताचं जल हाय हे. कामरूप देशातून सात पहाड चढून आणलं. सती बाईच्या हाती ते पानी राहते, अन् टोनहीच्या हाती आग होते. मी नाही बोललो, जल बोललं."

टोनही म्हणजे चेटकीण. शब्द एकदा उच्चारला गेला की आमच्याकडे मग पुढचं कुणाला शिकवावं लागत नाही. एरंडाच्या काठ्या आधीच तोडून ठेवलेल्या होत्या. एरंडाने मारलं की टोनहीची विद्या उतरते, असा समज. पहिली काठी जमुनाबाईच्या पाठीवर बसली ती एका बाईनेच मारली, जिला गेल्या वर्षी जमुनाबाईने बाळंतपणात आठ दिवस पेज नेऊन दिली होती.

सन चव्वेचाळीसचा आश्विन होता. आमचं गाव सौंदड स्टेशनापासून दोन कोसांवर, पोटापुरतं धान आणि डोळाभर तलाव असलेलं. मी मनिराम, तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर. त्या आठवड्यात गावात हगवण-ओकारीने तीन पोरं गेली होती. तिसरी ईश्वरदासची सहा वर्षांची मुलगी. सकाळी माझ्या शाळेत पाटीवर 'ग' काढत होती आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पुरून आले. अशा घरातला बाप कुणाच्याही सांगण्यावर काहीही करू शकतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

जमुनाबाई गावची पाणकरीण. तिच्या सासऱ्याच्या आज्यापासून तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, त्याच घराच्या हाती. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, बाईमाणूस कुठे कमरेएवढ्या पाण्यात उतरून खुंटा उपसणार. ती उतरली. आणि पाळी म्हणजे पाळी. धान निसवलं की सगळ्यांनाच पाणी आधी हवं असतं. छोटेलाल पाटलाने त्या वर्षी स्वतःची पाळी यायच्या आधीच पाणी मागितलं, तर तिने तोंडावर सांगितलं, "पाटील, तुमी तिसरे आहा. तिसऱ्या दिवशी येजा." पाटलाला 'तिसरा' म्हणणारी ती गावातली पहिलीच. त्यानंतर बारा दिवसांनी केवलरामबाबा पाटलाच्या ओसरीवर उतरला. मी मुलांना दोन आणि दोन चार शिकवतो, पण ही बेरीज मला जमली नाही.

धुनीच्या उजेडात काठ्या चालल्या होत्या. बाबा बाटलीवरचं लाल फडकं नीट करत होता. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला, फडकं घसरलं आणि बाटलीचा खांदा दिसला. चौकोनी खांदा, त्यावर अर्धवट खरवडलेला कागद, आणि कागदावर उरलेला आकडा: १००.

ती बाटली माझी होती.

श्रावणात मी शाळेच्या पाट्या आणायला गोंदियाला गेलो होतो. परतीच्या छोट्या लाईनच्या गाडीला वेळ होता आणि मोठ्या लाईनवर अमेरिकन शिपायांची गाडी उभी होती. पाऊस मुसळधार. त्यातला एक लांबलचक पोरगा डब्यातून उतरला, माझ्या छत्रीकडे बोट दाखवलं आणि पिशवीतून एक बाटली काढून पुढे धरली. आत चहासारखी तांबडी दारू. मी दारूबाज नाही, पण विलायती वस्तू फुकट मिळत असेल तर मास्तरचंही डोकं फिरतं. कागदावर शंभरचा आकडा पाहिला आणि मला वाटलं, शंभरपैकी शंभर, म्हणजे पहिला नंबर; तो दारूच्या कडकपणाचा आकडा होता, हे पुढे खटल्यात कळलं. वडिलांची छत्री दिली, बाटली पोटाशी धरली आणि भिजत घरी आलो.

गावात विलायतीची पारख असलेला माणूस एकच, छोटेलाल पाटील. त्याच्या ओसरीवर आम्ही दोघांनी ती फोडली. एक घोट घेतला आणि एकमेकांकडे पाहिलं.

"गुरुजी," पाटील म्हणाला, "ढेकूण चिरडून टाकला का हो याच्यात?"

"जळक्या लाकडाचा वास येऊन राहिला."

"याच्यापरीस आपली मोहाची बरी. छत्री गेली तुमची."

मग त्या बाटलीचं करायचं काय, यावर आमचा बराच खल झाला. मी म्हटलं गुडघ्याला चोळावी, पाटील म्हणाला बैलाच्या खांद्याला लावावी. वैतागून त्याने पेल्यातली उरलेली दारू शेकायला ठेवलेल्या निखाऱ्यांच्या गोरसीत फेकली. भक्कन जाळ उठला. मी हसलो. पाटील हसला नाही, तो गोरसीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "राहू द्या माझ्याकडं. बैलाले कामी येईन." मी आनंदाने दिली. गळ्यात पडलेली नकोशी वस्तू सुटल्यासारखं वाटलं.

हे सगळं मला पाळीवर उभ्या उभ्या आठवलं आणि तरी मी गप्प राहिलो. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून लिहितो. मास्तराने दारू आणली, मास्तर पाटलाच्या ओसरीवर प्यायला बसला, हे अडीचशे लोकांत कसं सांगायचं, नोकरीचं काय होईल, याचा विचार मी करत होतो. आणि तेवढ्या वेळात जमुनाबाईचं लुगडं पाठीवर रक्ताने चिकटलं.

बाबाने हात वर केला. "काठीनं नाही भागत. टोनहीचा मंतर कुठं राहते? दातात राहते. दात तोडा, मंतर तुटन. मग गावातला एक लेकरू मरनार नाही."

चौघांनी तिला उताणं धरलं. पाटा-वरवंट्यातला वरवंटा कुणीतरी ईश्वरदासच्या हातात दिला. तो रडत होता. रडत रडतच तो तिच्या छातीवर गुडघा टेकवून बसला. जमुनाबाई म्हणाली, "ईश्वर, तुझी पोरगी माझ्या हातानं न्हायली आहे रे." त्याने वरवंटा हाणला. आवाज मी अजून विसरलो नाही. दुसऱ्यांदा हाणला, आणि तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"थांबा. ते जल नाई, दारू हाये. माझी दारू हाये ती."

लोक हसले. हो, हसले. मला वेडं समजले. पाटील सर्वांत पुढे होता. "गुरुजी, डोकं ठिकान्यावर हाये ना? दारू कोनत्या रंगाची राहते?"

"पांढरी," लोक म्हणाले.

इथेच आमच्या गावाची फसगत होती. आमच्याकडे दारू म्हणजे मोहाची, आणि मोहाची दारू विहिरीच्या पाण्यासारखी नितळ. पहिल्या धारेची दारू चुलीवर शिंपडली की जाळ होतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाबाने नितळ पाणी पेटवलं असतं तर पहिल्याच भडक्याला कुणीतरी म्हणालं असतं, बाबा, कोणत्या भट्टीची? पण हे पाणी तांबडं होतं. तांबडी दारू कुणी पाहिलीच नव्हती. वासाने ओळखावी तर धुनीत राळेची एवढी पोतंभर धूळ फेकलेली की नाकाला दुसरं काही कळेना.

बाबा माझ्याकडे पाहून गोड हसला. "मास्टरजी बोलते दारू हाय. बहुत अच्छा. दारू असन त मास्टरजीच्या हातानंही पेटन ना?" त्याने मागच्या, कापडाने झाकलेल्या परातीतून एक द्रोण उचलला, बाटलीतलं त्यात ओतलं आणि मला दिला.

मी तो धुनीवर रिकामा केला. चुर्र झालं आणि वाफ आली.

मला काहीच कळेना. बाटली तीच, ओतलेलं तेच, मीच आणलेलं. गोरसीत पेटलं आणि इथे विझलं. एवढ्या इयत्ता शिकून मला त्याचं कारण सुचलं नाही आणि लोकांनी मला विचार करायला वेळही दिला नाही. "टोनहीचा साथीदार," कुणीतरी म्हणालं. पहिली काठी कानावर बसली. मी हात वर धरला तर मनगटाच्या वर मोडला. पडलो, तेव्हा माझेच शिकवलेले दोघे जण मला लाथा मारत होते. बाजूला जमुनाबाई होती. तिच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि ईश्वरदासने वरवंटा पुन्हा उचलला होता.

त्या वेळी रुख्मा पुढे आली. ठेकेदाराच्या भट्टीवर वीस वर्षं मोहाची दारू गाळलेली बाई. गावात तिला कुणी ओटीवर बसू देत नसे, तिच्या हातची प्यायला मात्र रांग लागे. ती माझ्याजवळ उकिडवी बसली. मला वाटलं पाणी पाजायला आली. तिने माझा ओला पंजा उचलला, हुंगला आणि चक्क जिभेने चाटला.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "हाये त दारूच. पन पानी घातलेली हाये. पानी घातलेली पेटत नाई."

मग ती उठली आणि थेट धुनीसमोर जाऊन उभी राहिली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. "बाबा, माझीबी परीक्षा घे."

"तुझं नाव नाही निघालं."

"नाई कायले? मी त रांडमुंड, दारू गाळनारी. गावात टोनही असन त पयले मीच असन. घे परीक्षा."

लोकांना ते पटलं. एकीच्या जागी दोन टोनह्या मिळत असतील तर नको कोण म्हणेल. बाबाने कपाळाला आठ्या घातल्या, परातीतून द्रोण काढला आणि तिच्याकडे धरला. रुख्माने तो बाटलीखाली नेला नाही. हातावर तोलला.

"जड हाये," ती म्हणाली आणि द्रोण उलटा केला. त्यातून ओंजळभर पाणी जमिनीवर पडलं. पुढे उभ्या असलेल्या पाच बायकांच्या पायांवर शिंतोडे उडाले. रुख्माने पदराने द्रोण आतून पुसला, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि पुन्हा पुढे केला. "आता घाल."

बाबा हलेना. "गंगाजल होतं त्याच्यात. तू माताचा अपमान केला. आता जल रुसलं."

"रुसलं असन त पेटनार नाई. चांगलंच हाये की. घाल."

"घाला, महाराज," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघे-तिघे म्हणाले. बाबाने पाटलाकडे पाहिलं. पाटील तलावाकडे पाहत होता. शेवटी बाबाने ओतलं आणि रुख्माने धुनीवर टाकलं. भक्कन भडका झाला, जमुनाबाईच्या वेळेइतकाच उंच.

"टोनही," एक जण किंचाळला आणि काठ्या वर झाल्या. रुख्मा जागची हलली नाही.

"मारजा. मी कुठं पळून राहिली? पन एक बार पाटलाच्या हातानं होऊ द्या. सुक्या द्रोनातून."

पाटील म्हणाला, "हे बायकाचं काम हाये." मग ईश्वरदास उठला. त्याच्या एका हातात वरवंटा तसाच होता, त्यावर जमुनाबाईचं रक्त होतं. त्याने परातीवरचं कापड ओढलं. खाली द्रोणांच्या दोन रांगा होत्या. एका रांगेतल्या द्रोणांत पाणी घातलेलं, दुसऱ्या रांगेत एकच उरलेला, वाळका. ईश्वरदासने दोन्ही रांगांतल्या द्रोणांत बोट फिरवून पाहिलं. मग त्याने वरवंटा खाली ठेवला, वाळका द्रोण उचलला, बाबाच्या हातातून बाटली हिसकली, स्वतः ओतलं आणि पाटलाचं मनगट धरून द्रोण त्याच्या हातात कोंबला.

"टाका, पाटील."

"ईश्वर, तू होशात नाई."

"टाका म्हनलं."

पाटलाने टाकलं नाही. ईश्वरदासने त्याचं मनगट पिरगाळलं, द्रोण आपोआप उपडा झाला आणि आग थेट पाटलाच्या मिशांपर्यंत आली.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर छोटेलाल पाटील टोनही होता, नाहीतर बाटलीत दारू होती. लोकांना निवड करायला फार वेळ लागला नाही. बाबा पळाला, पण पाळीवरून घसरला आणि सापडला. ज्या एरंडाने जमुनाबाईची विद्या उतरवायची होती, त्याच एरंडाने त्याची उतरवली. कुणी त्याची जटा धरून ओढली तर अर्धी जटा हातात आली, ती बकरीच्या केसांची होती. त्याचं किंचाळणं ऐकून मला बरं वाटलं. मोडलेला हात पोटाशी धरून मी तिथे पडलो होतो आणि मनात म्हणत होतो, आणखी मारा. मी बुद्धिवादाची पुस्तकं वाचणारा माणूस. गर्दीत शिरलो की मीही गर्दीच असतो.

ईश्वरदासने बाबाच्या छातीवर गुडघा टेकवला आणि वरवंटा उचलला. अगदी मघासारखाच.

"ईश्वर."

जमुनाबाई उठून बसली होती. शब्द नीट येत नव्हते, ओठ फाटला होता. सगळे वळले. मला वाटलं, ती माफ करा म्हणेल. कथांमधल्या बायका तसं म्हणतात. ती तसं काही म्हणाली नाही.

"त्याले मंगानं मारजा. पयले माझे दात धुंडून देजा."

कुणाला कळेना. तिने समोरच्या चिखलाकडे बोट दाखवलं. "दोन पडले. इथंच कुठं तरी हाये. मारतांनी समदे होते ना? मग धुंडा आता समद्यांनी."

आणि खरंच सगळे वाकले. ज्या हातांत काठ्या होत्या ते हात चिखल चाळू लागले. धुनीतून जळती लाकडं काढून उजेड धरला. अर्धी घटका अडीचशे माणसं गुडघ्यांवर होती. पहिला दात त्या पेजवाल्या बाईला सापडला. दुसरा ईश्वरदासला. त्याने तो तळहातावर घेतला आणि तसाच बसून राहिला. त्याच्या मुलीचाही वरचा दात नुकताच पडला होता, तिने तो मला शाळेत दाखवला होता.

वरवंटा पुन्हा कुणी उचलला नाही. बाबाला बांधून सकाळी पोलिसांच्या हवाली केलं. त्याला काही महिन्यांची सजा झाली. पाटलाने शपथेवर सांगितलं की बाटली त्याने बैलाच्या खांद्यासाठी घेतली होती आणि ती चोरीला गेली. तो सुटला. मी सगळं सांगितलं, दारूसकट. नोकरी गेली नाही, एक वर्षाची बढती गेली. माझा हात वाकडाच बसला. जमुनाबाईचे दात मात्र परत बसत नाहीत. पहिल्या काठीला मी तोंड उघडलं असतं तर ते तिच्या तोंडातच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती सुजलेल्या तोंडाने तलावात उतरली आणि तिने तुडुम उघडलं. त्या दिवशी पाळी ईश्वरदासची होती. तिने त्याला पूर्ण पाणी दिलं, एक बोट कमी नाही. त्याच्याशी बोलली मात्र नाही, आजतागायत नाही. तो तिचा हक्क आहे.

आणि पोरं का मेली? ज्या घाटावर मेलेल्या पोरांची अंथरुणं धुतली, त्याच घाटाचं पाणी गाव पीत होतं. डॉक्टरने येऊन एवढंच सांगितलं. आम्ही पाणी उकळून प्यायला लागलो आणि दहा दिवसांत रोग थांबला. यात माता नव्हती, मंतर नव्हता, टोनहीही नव्हती.

खटला संपल्यावर बाटली मला परत मिळाली. दोन बोटं दारू शिल्लक होती, म्हणजे कचेरीतही ती कुणाला आवडली नसावी. नकोशा दारूचं काय करायचं हा प्रश्न तेव्हा पाटलाच्या ओसरीवर सुटला नव्हता, तो आता सुटला आहे. तीन वर्षं झाली, दर आश्विनात मी शाळेच्या पडवीत गोरसी पेटवतो. रुख्मा दोन द्रोण लावून आणते. एकात पाणी घालतो, एक कोरडा ठेवतो, आणि दोन्हींत पळीभर दारू ओततो. टाकायला जमुनाबाई येते. ओला द्रोण चुरचुरतो, कोरडा भडकतो. मग ती पुढच्या दोन दातांच्या फटीतून मुलांना विचारते, "कोन टोनही?"

"कोनीच नाई," मुलं म्हणतात.

"अन् पेटलं काऊन?"

"दारू होती म्हनून."

बाटली आता तळाला आली आहे. यंदा पुरेल, पुढच्या वर्षी पुरणार नाही, म्हणून हे लिहून ठेवतो. कुणी तुमच्यासमोर पाणी पेटवून दाखवलं तर हात जोडू नका, आणि काठी तर मुळीच उचलू नका. आधी द्रोण उलटा करून पाहा.